छोट्या अणुभट्टीतून कारखान्याला वाफ आणि वीज: निर्णयाआधी करायचा हिशोब

छोट्या अणुभट्टीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, 'किती मेगावॉटची?' वाफेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी हे कळायला हवे की तुम्हाला किती अंशांची उष्णता लागते, कोणत्या दाबाने, वर्षातले किती तास आणि किती चढउतारांसह. याची उत्तरे हातात नसताना अणुभट्टी विकणाऱ्या कंपनीशी बोलायला बसलात, तर बोलणी तिच्या यंत्राभोवती फिरतील आणि तुमची गरज त्या यंत्राच्या मापात कोंबली जाईल.

ही कल्पना नवी आहे असे समजू नका. नॉर्वेतल्या हाल्डेनमध्ये डोंगराच्या पोटात बसवलेली २५ मेगावॉट औष्णिक (म्हणजे विजेच्या नव्हे, उष्णतेच्या) क्षमतेची संशोधन भट्टी शेजारच्या कागद गिरणीला वाफ देत असे. स्वित्झर्लंडमधले ग्योस्गेन वीज केंद्र १९७९ पासून जवळच्या पुठ्ठा कारखान्याला वाफ पुरवते आहे. कझाकस्तानात अक्ताऊला कॅस्पियन समुद्राकाठी १९७३ ते १९९९ या काळात एक वेगवान (वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी) भट्टी वीज देत होती आणि समुद्राचे पाणी गोडेही करत होती. यातले ग्योस्गेन हे मोठे केंद्र आहे, पण उष्णता भट्टीच्या आवारातून कारखान्याच्या आवारात कशी न्यायची, याचे धडे लहान-मोठ्या दोघांनाही सारखेच लागू पडतात.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन पायऱ्यांना फारसा खर्च नाही, आणि बरेच कारखाने तिथेच 'हे आपल्यासाठी नाही' या उत्तरापर्यंत पोहोचतील. तेही उत्तर कामाचेच आहे.

पहिली पायरी: वाफेचा खरा नकाशा काढा

किमान एका पूर्ण वर्षाची, तासागणिक नोंद हवी. बॉयलरवरच्या एका मोठ्या मीटरचा आकडा पुरत नाही. प्रत्येक हेडरवर (वाफ वाटणाऱ्या मुख्य नळीवर) किती टन वाफ गेली, कोणत्या दाबाने गेली, परत किती कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) आले आणि कोणत्या तापमानाला आले, हे वेगवेगळे मोजा. मीटर नसतील तर आधी मीटर बसवा आणि वर्षभर थांबा. अणुप्रकल्पाला तसाही काही वर्षांचा अवधी लागतो, त्यामुळे या वर्षाने काही अडत नाही.

मग प्रत्येक यंत्रापाशी जाऊन विचारा: इथे वाफ येते किती अंशांना, आणि माल तापवायला खरोखर लागते किती अंश? जुन्या कारखान्यांत १० बारची वाफ एकाच हेडरवरून सगळीकडे फिरते आणि शेवटी ९० अंशांचे पाणी तापवण्यासाठी वापरली जाते. जाळायचे इंधन स्वस्त असताना हे खपून गेले. सहनिर्मितीत, म्हणजे एकाच भट्टीतून वाफ आणि वीज दोन्ही घेताना, मात्र उष्णतेच्या प्रत्येक अंशाची किंमत विजेच्या रूपात मोजावी लागते. कशी, ते तिसऱ्या पायरीत पाहू.

टनांचे मेगावॉट करायला एक सोपा हिशोब पाठ ठेवा. बॉयलरला १०० अंशांचे पाणी देऊन १० बारची संपृक्त (त्या दाबाच्या उत्कलनबिंदूवरची) वाफ काढली, तर तासाला १ टन वाफेसाठी सुमारे ०.६५ मेगावॉट उष्णता लागते. म्हणजे तासाला १२० टन वाफ लागणाऱ्या कारखान्याची गरज ८० मेगावॉटच्या आत आली. कंडेन्सेट परत येत नसेल आणि ३० अंशांचे ताजे पाणी घ्यावे लागत असेल, तर तोच आकडा टनामागे ०.७४ च्या आसपास जातो. सुमारे आठवा हिस्सा वाया, केवळ कंडेन्सेट गटारात गेले म्हणून.

त्यामुळे गरज मोजून झाली की ती आधी कमी करा. गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदला, कंडेन्सेट परत आणा, गरम प्रवाहांची उष्णता थंड प्रवाहांना द्या. भट्टी साठ वर्षांच्या हिशोबाने बांधली जाते. आजच्या गळतीचे माप धरून ती घेतली, तर त्या गळतीचे हप्ते पुढची पिढी फेडत बसेल.

शेवटी वर्षाचे सगळे तास मोठ्या मागणीपासून छोट्या मागणीकडे उतरत्या क्रमाने लावून एक वक्र काढा. त्या वक्राचा जो सपाट तळ दिसेल, जी मागणी जवळपास रोज आणि रात्रंदिवस असते, तेवढाच भाग भट्टीवर सोपवायचा. वरचे सुळके दुसऱ्या साधनांनी भागवायचे. माझ्या मते हा सपाट तळ वर्षाला ७,००० तासांपेक्षा कमी भरत असेल, तर पुढे वाचण्याआधी दोनदा विचार करावा.

दुसरी पायरी: तापमानावरून भट्टीचा प्रकार ठरवा

साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांतून जी वाफ मिळते ती साधारण ३०० अंशांच्या आत असते. कागद वाळवणे, कापड रंगवणे, अन्नप्रक्रिया, समुद्राचे पाणी गोडे करणे, रासायनिक उद्योगातले ऊर्ध्वपातनाचे बरेचसे काम एवढ्यात भागते. या प्रकारात ३०० मेगावॉट विजेची बीडब्ल्यूआरएक्स-३०० नावाची भट्टी आहे. तिच्या पहिल्या संचाला कॅनडातल्या डार्लिंग्टनला एप्रिल २०२५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. न्यूस्केल कंपनीचे ७७ मेगावॉटचे मॉड्यूल (तयार करून आणून जागेवर बसवायचा भट्टीचा सुटा संच) आहे, त्याच्या आराखड्याला अमेरिकी नियामकाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली.

त्याहून गरम, ५५० अंशांच्या आसपासची अतितप्त (उत्कलनबिंदूच्याही वर तापवलेली) वाफ हवी असेल तर हेलियम वायूने थंड होणाऱ्या भट्ट्यांकडे जावे लागते. चीनमधल्या शान्डोंग प्रांतात शिदाओवानला २५० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॉटचे एक टर्बाइन चालवतात. हेलियम ७५० अंशांना बाहेर पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये हे केंद्र व्यावसायिकरीत्या सुरू झाले. अमेरिकेत टेक्सासमधल्या सीड्रिफ्टला डाऊ कंपनीच्या रसायन कारखान्यासाठी एक्स-एनर्जीच्या चार भट्ट्या बसवायचा प्रस्ताव आहे. प्रत्येकी २०० मेगावॉट औष्णिक, त्यातून सगळी वीज केली तर ८० मेगावॉट, आणि वाफ ५६५ अंशांची. बांधकाम परवान्याचा अर्ज मार्च २०२५ मध्ये गेला. वाफ आणि वीज दोन्ही एका कारखान्यासाठी, असा हा प्रस्ताव असल्याने या विषयात रस असणाऱ्याने त्याच्यावर नजर ठेवावी.

सिमेंटच्या भट्टीत माल १,४५० अंशांपर्यंत तापतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढायला ८०० अंशांच्या वर जावे लागते. जपानमधल्या ओआराई येथील प्रायोगिक भट्टीने २००४ मध्ये ९५० अंश गाठले होते, पण त्या तापमानाची उष्णता कारखान्याला विकणारे यंत्र अजून बाजारात नाही. अशा उद्योगांनी भट्टीचा विचार विजेसाठी किंवा आधीच्या टप्प्यातल्या तापवणीसाठी करावा.

तिसरी पायरी: वाफ काढली की वीज किती घटते ते मोजा

सगळ्या लेखाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

टर्बाइनमध्ये वाफ शिरते, पसरत पसरत थंड होते आणि शेवटी कंडेन्सरमध्ये ३५-४० अंशांना पाणी होते. वाटेत मधूनच आपण काही वाफ कारखान्यासाठी काढून घेतली, तर तिथून कंडेन्सरपर्यंतच्या प्रवासात तिने जी वीज केली असती ती बुडते. ही बुडालेली वीज हीच त्या उष्णतेची खरी किंमत.

किती बुडते? १८० अंशांच्या उष्णतेसाठी उष्मागतिकीची कमाल मर्यादा काढू. १८० अंश म्हणजे ४५३ केल्विन, कंडेन्सर ३५ अंशांना म्हणजे ३०८ केल्विन. फरक १४५, त्याला ४५३ ने भागले की ३२ टक्के. प्रत्यक्ष टर्बाइन याच्या साधारण ८० टक्के काम करते असे धरले तर २५ टक्के उरतात. म्हणजे १०० मेगावॉट उष्णता काढली की सुमारे २५ मेगावॉट वीज गेली. उलटीकडून पाहा: १ युनिट वीज सोडली आणि ४ युनिट उष्णता मिळाली. बाजारातला कोणताही उष्मापंप (वीज वापरून कमी तापमानाची उष्णता जास्त तापमानाला नेणारे यंत्र) १८० अंशांना इतके देत नाही. १०० अंशांच्या उष्णतेसाठी हाच हिशोब केला तर नुकसान १४ टक्क्यांच्या घरात येते, म्हणजे १ ला ७. पहिल्या पायरीत 'माल तापवायला खरोखर किती अंश लागतात' हे विचारायला सांगितले, ते यासाठी.

आता आपला १२० टनांचा कारखाना २०० मेगावॉट औष्णिक भट्टीला जोडू. सगळी वीज केली तर ८० मेगावॉट. ८० मेगावॉट उष्णता काढली तर वीज उरते अंदाजे ६० मेगावॉट. पूर्वी २०० पैकी ८० उपयोगी पडत होते, आता १४०. बाकीचे ६० कंडेन्सरमधून जातील. उपयोगाचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ७० वर आले.

टर्बाइन निवडताना बॅक प्रेशर प्रकाराचा (बाहेर पडणारी सगळी वाफ कारखान्यालाच देणाऱ्या टर्बाइनचा) मोह होतो, कारण त्यात कंडेन्सरचा खर्च नाही आणि कागदावर कार्यक्षमता सुंदर दिसते. पण त्यात वीज आणि वाफ एकमेकींना बांधलेल्या असतात. कारखान्याने वाफ घेणे थांबवले की वीजही थांबली. अणुभट्टीसोबत एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइनच (मधून हवी तेवढी वाफ काढता येते आणि उरलेली कंडेन्सरमध्ये जाते असे) घ्यावे आणि कंडेन्सर पूर्ण क्षमतेचा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कारखाना अचानक बंद पडला तरी भट्टीची उष्णता कुठेतरी जायला हवी.

चौथी पायरी: भट्टी आणि कारखान्याच्या मधली भिंत

भट्टीची वाफ थेट कारखान्यात नेत नाहीत. मध्ये रीबॉयलर असतो. एका बाजूने टर्बाइनमधून काढलेली वाफ येते, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी उकळून नवी वाफ तयार होते, आणि कारखान्यात जाते ती ही दुसरी वाफ. उकळत्या पाण्याच्या भट्टीत टर्बाइनमधली वाफ थेट गाभ्यातून आलेली असते, त्यामुळे तिथे रीबॉयलरवाचून गत्यंतर नाही. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत स्टीम जनरेटर ही एक भिंत आधीच असते, तरीही दुसरी घालतात. हाल्डेनची रचना हीच शिकवते: गाभ्यातले जड पाणी एका वर्तुळात, त्यापुढे साधे पाणी दुसऱ्या वर्तुळात, आणि गिरणीची वाफ तिसऱ्यात.

आराखडा तपासताना तीन गोष्टी बघा. पहिली दाब. कारखान्याकडच्या बाजूचा दाब जास्त ठेवता आला तर नळी फुटली तरी गळती भट्टीकडे होईल, कारखान्याकडे नाही. वाफेपासून वाफ करणाऱ्या साध्या रीबॉयलरमध्ये मात्र हे जमत नाही, कारण उष्णता देणारी वाफ जास्त गरम, म्हणून जास्त दाबाची असावी लागते. त्यासाठी मध्ये दाबाखालच्या पाण्याचे आणखी एक वर्तुळ घालतात. तेवढ्याने तापमान आणि पैसा दोन्ही खर्च होतात. दुसरी गोष्ट मापन. परत येणाऱ्या पाण्यावर आणि बाहेर जाणाऱ्या वाफेवर सतत किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र हवे, आणि इशारा मिळताच झडप आपोआप बंद व्हायला हवी. तिसरी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप. हेलियमच्या भट्टीत ट्रिटियम गरम धातूच्या भिंतीतूनही झिरपतो. अन्न किंवा औषधे बनवणाऱ्या कारखान्याने त्याची मर्यादा आणि मोजण्याची पद्धत करारातच लिहून घ्यावी.

या भिंतीची किंमत अंशांत मोजली जाते. कारखान्याला १८० अंशांची, म्हणजे १० बारची वाफ हवी असेल आणि रीबॉयलरमध्ये १५ अंशांचा फरक लागत असेल, तर टर्बाइनमधून १९५ अंशांची, म्हणजे १४ बारची वाफ काढावी लागेल. पाइपलाइनमधला दाब पडेल तो वेगळाच. तिसऱ्या पायरीचा हिशोब मग पुन्हा १९५ अंशांनी करा. बहुतेक प्राथमिक अहवालांत ही दुरुस्ती राहून जाते आणि विजेचा आकडा उगाच मोठा दिसतो.

पाचवी पायरी: भट्टी थांबेल तेव्हा

थांबणारच. पाण्याच्या भट्ट्या दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला काही आठवडे बंद ठेवतात, आणि मधूनच अनपेक्षित ट्रिपही होतात, म्हणजे भट्टी अचानक बंद पडते. वीज जाळ्यातून घेता येते. वाफेला असे जाळे नसते.

चार मॉड्यूल असलेले केंद्र घ्या. प्रत्येक मॉड्यूल वर्षातला ९२ टक्के वेळ चालू आणि सगळे एकमेकांपासून स्वतंत्र असे धरले, तर चारही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता जेमतेम ७२ टक्के येते. किमान तीन चालू असण्याची ९६.६ टक्के, आणि किमान दोन चालू असण्याची ९९.८ टक्के. यावरून नियम सोपा आहे: कारखान्याची अत्यावश्यक वाफ दोन मॉड्यूलमध्ये बसेल असे बघा आणि उरलेल्या दोनांची वीज विका. इंधनबदलाच्या तारखा पुढेमागे ठेवल्या की चित्र आणखी सुधारते. मात्र टर्बाइन, समुद्राचे पाणी घेणारी वाहिनी किंवा रीबॉयलर सामाईक असेल तर चार मॉड्यूल असूनही उपयोग नाही, कारण ते एक बंद पडले की सगळे अडले.

एकच भट्टी असेल तर राखीव बॉयलर पूर्ण क्षमतेचे हवेत आणि त्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रकल्पात धरायला हवा. थंड बॉयलर वाफेवर यायला तास लागतात, म्हणून निदान एक तरी गरम ठेवावा लागतो. मधली काही मिनिटे निभावायला स्टीम अॅक्युम्युलेटर (वाफेची उष्णता साठवणारी टाकी) उपयोगी पडतो. तुमच्या प्रक्रियेत किती मिनिटे वाफ गेली तर माल खराब होतो, हा आकडा उत्पादन विभागाकडून लेखी घ्या. राखीव व्यवस्थेचे माप त्यावरून ठरते.

सहावी पायरी: अंतर आणि शेजार

वाफ लांब न्यायची झाली की दाब आणि तापमान दोन्ही गळतात, म्हणून भट्टी कारखान्याजवळ हवी. तरी ही मर्यादा वाटते तितकी कडक नाही. चीनमधल्या तियानवान केंद्राच्या वाफेवर जून २०२४ पासून लिआन्युनगांगचा पेट्रोकेमिकल परिसर चालतो. पाइपलाइन २३ किलोमीटरच्या आसपास आहे आणि वर्षाला ४८ लाख टन वाफेचे नियोजन आहे. इतका मोठा प्रवाह असेल तर लांबची नळी परवडते. तासाला ५० टनांसाठी ती परवडणार नाही.

अमेरिकेत मोठ्या केंद्रांभोवती साधारण १६ किलोमीटरचा आपत्कालीन नियोजनाचा पट्टा धरतात. २०२३ च्या नियमाने छोट्या भट्ट्यांना तो प्रत्यक्ष धोक्याच्या हिशोबाने आखायची मुभा दिली. भट्टी कारखान्याच्या कुंपणाला लागून बसवण्याची चर्चा खरी सुरू झाली ती यानंतर.

शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. कारखान्यातला अमोनिया किंवा क्लोरीन गळला तर भट्टीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला श्वास घेता आला पाहिजे. हायड्रोजनची टाकी फुटली तर तिचा धक्का भट्टीच्या इमारतीने सोसला पाहिजे. भट्टी बंद केल्यावरही गाभ्यात उष्णता निर्माण होतच राहते: पहिल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के, दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कारखान्यात आग लागलेली असतानाही ती काढत राहावी लागते. म्हणून कारखान्यातल्या प्रत्येक धोकादायक साठ्याची यादी, प्रमाण आणि अंतर पहिल्याच बैठकीत भट्टीवाल्यांच्या हाती द्या. पुढे कधी नवी टाकी बांधायची झाली तर त्यांनाही विचारावे लागेल, हे तुमच्या विस्तार विभागाला आत्ताच सांगून ठेवा.

सातवी पायरी: मालकी, इंधन आणि पैसा

परवाना कारखान्याने स्वतःच्या नावावर घेऊ नये. अणुभट्टी चालवणे हा आयुष्यभराचा वेगळा धंदा आहे. त्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ, सुरक्षा, वापरलेल्या इंधनाची साठवण, विमा आणि शेवटी भट्टी मोडीत काढण्याचा निधी लागतो. अनुभवी कंपनीने भट्टी चालवावी आणि तुम्ही कुंपणापाशी मीटर लावून वाफ आणि वीज विकत घ्यावी, ही रचना सुटसुटीत.

इंधनाबद्दल एकच प्रश्न पुरे: समृद्धी, म्हणजे त्यातल्या युरेनियम-२३५ चे प्रमाण, किती टक्के? पाण्याच्या भट्ट्यांना ५ टक्क्यांच्या आतले युरेनियम चालते आणि ते बऱ्याच पुरवठादारांकडे मिळते. हेलियमच्या आणि सोडियमच्या बऱ्याच नव्या भट्ट्यांना ५ ते २० टक्क्यांमधले लागते. व्यापारी प्रमाणावर ते विकणारी बाजू बराच काळ रशियाचीच होती. पहिल्या काही वर्षांचे इंधन कोठून येणार याचा करार दाखवायला सांगा.

खर्चाचा मोठा भाग बांधकाम आणि त्यावरचे व्याज. इंधनाचा वाटा लहान. त्यामुळे भट्टी निम्म्या वेळ चालवली तर वाफेचा दर जवळपास दुप्पट होतो, आणि पुरवठादार 'वाफ घ्या किंवा पैसे द्या' अशी अट घालतोच. अट चुकीची नाही, प्रमाण ठरवायचे असते: पहिल्या पायरीतल्या सपाट तळापेक्षा एक टनही जास्त मान्य करू नका. दर किती वर्षे गोठलेला आहे तेही बघा. अमेरिकेत आयडाहोला न्यूस्केलची सहा मॉड्यूल बसवायची होती. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून जानेवारी २०२३ मध्ये ८९ डॉलरवर गेला, पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला. तिथे यंत्रात दोष निघाला नव्हता. आराखड्याचे पहिलेच केंद्र होते आणि वाढलेला खर्च ग्राहकांवर येत होता. तुमचा प्रकल्पही पहिल्यांमधला असेल, तर बांधकामाचा वाढीव खर्च कोण सोसणार हे आकड्यासकट लिहून घ्या.

करारात वाफेचा दाब, तापमान, दर मिनिटाला किती वेगाने मागणी वाढवता येईल, परत येणाऱ्या कंडेन्सेटचे किमान प्रमाण आणि त्याची विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्याची शुद्धता कळते) ही कलमे असतातच. कंडेन्सेटमध्ये तेल किंवा साखर उतरली तर रीबॉयलर खराब होतो आणि ती जबाबदारी तुमची धरली जाते. म्हणून परतीच्या वाटेवर तुमचा स्वतःचा मीटर आणि वळवण्याची झडप असू द्या.

एक कलम मात्र सहसा राहून जाते: कायमचे बंद होण्याचे. हाल्डेनची भट्टी २०१८ मध्ये कायमची थांबवली गेली. कागद गिरणी पुढे चालूच राहिली. भट्टी थांबवण्याच्या किती वर्षे आधी कळवायचे, तोवर राखीव बॉयलर कोणाच्या खर्चाने सज्ज ठेवायचे, आणि उलट कारखानाच बंद झाला तर उरलेल्या वर्षांच्या वाफेचे काय, हे तिन्ही मुद्दे सही करण्याआधी ठरवा आणि वर्षांचे आकडे घालून लिहा.